साळवे सरांच्या वहीतली पहिली ओळ

गेल्या महिन्यात माझा उजवा खांदा धरला. गल्लीच्या टोकाला नवा फिजिओथेरपीचा दवाखाना निघालाय, तिथं गेले. तिथल्या गोड मुलीनं माझ्या हातात टॅब ठेवला आणि म्हणाली, "काकू, आधी एवढे वीस प्रश्न भरा." पहिलाच प्रश्न होता, 'मागील सात दिवसांत आपण आपल्या जीवनमानाबाबत किती समाधानी होता?' खाली एकपासून पाचपर्यंत आकडे. मी चष्मा पुसून विचार केला. सात दिवसांत नळाला पाणी एकदाच आलं होतं, पण सून दोनदा गोड बोलली होती. तीन देऊन टाकले. मग एकदम साळवे सर आठवले आणि असं काही हसू आलं की त्या मुलीनं घाबरून विचारलं, "काकू, खांदा दुखला का?"

किसन साळवे. आमच्या सरकारी रुग्णालयातल्या जळीत वॉर्डाचे व्यायामतज्ज्ञ. मी तिथं चौदा वर्षं स्टाफ नर्स होते. पदाचं नाव एवढं भारदस्त, पण खोली मात्र जिन्याखालची. इतरांना आत वाकून जावं लागे, सरांना लागत नसे. "उंची पाच फूट दोन इंच, वर एक सूत," हे ते स्वतःच सांगत, आणि त्या एका सुताबद्दल त्यांना भारी अभिमान होता. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात कंगवा, कंगव्याशेजारी कोनमापक. दोन पट्ट्या एका खिळ्यावर फिरतात, सांधा किती अंशांत वाकतो ते त्यावर कळतं. भाजलेली कातडी भरून आली की आकसते. हनुवटी छातीकडे ओढते, बोटांच्या मुठी करून टाकते. ती कातडी रोज थोडी थोडी ताणून सांधे मोकळे करायचे आणि किती मोकळे झाले ते मोजायचं, हे सरांचं काम.

पण हा माणूस सांध्यांवर थांबला असता तर साळवे सर कसला? ते खुर्चीची पाठ मोजत, जिन्याच्या पायऱ्या मोजत. मॅट्रनबाई रागावल्या की मान वाकडी करून बघत, तर हे माझ्या कानाशी म्हणत, "आज वीस अंश हाय सिस्टर. पंचवीसच्या वर गेली की पळायचं." आमच्या वॉर्डातले जुने शिपाई रहीमचाचा त्यांना दर्जी म्हणत. सर दारात दिसले की चाचांची हाक ठरलेली, "आ गए दर्जी साब! चलो, नाप देओ सब जने!" मी कधी म्हणाले, अमक्या पेशंटला सकाळपासून थोडासा ताप आहे, तर लगेच, "थोडासा म्हंजे किती? अंदाज सांगू नका सिस्टर, आकडा सांगा." दिवसातून दहा वेळा हे वाक्य ऐकून आमचे कान किटले होते.

त्यांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणत असू. त्या एक किस्सा सांगत. सर त्यांना पाहायला गेले तेव्हा नावगाव विचारायच्या आधी त्यांनी विचारलं होतं, "लहानपणी कोपर मोडलं होतं का?" वहिनी म्हणत, "मला वाटलं, खोट काढून नकार देतोय मेला. ह्यो तर व्यायाम सांगून उठून गेला. आन् आठ दिवसांनी होकार आला."

ते दिवस शहर फुगण्याचे होते. चिकलठाण्याला कारखाने होतेच, वाळूजलाही नवे उठत होते. खेड्यापाड्यातून माणसं कंपनीत लागायला येत आणि मुकुंदवाडीसारख्या वस्तीत एका खोलीत संसार मांडत. खोलीत एक खाट, एक ट्रंक आणि जमिनीवर रॉकेलचा स्टोव्ह. आमचा वॉर्ड या दोन्हींनी भरे. पुरुष कारखान्यातले, बायका स्टोव्हवरच्या. बाईला विचारलं, कसं झालं, तर उत्तर ठरलेलं, 'स्टोव्ह भडकला.' कधी ते खरं असे, कधी नसे. आम्ही कागदावर तेच लिहीत असू.

एकदा आमचे मोठे डॉक्टर परदेशातल्या कुठल्याशा परिषदेहून एक छापील फॉर्म घेऊन आले. जळालेला माणूस बरा झाल्यावर त्याचं जगणं कसं आहे ते मोजायचं, म्हणाले. कल्पना चांगलीच होती. आमच्याकडे तोवर जखम भरली की पेशंट बरा, घरी जा, एवढाच हिशेब होता. डॉक्टरांनी फॉर्मचं मराठी करून घेतलं आणि सरांना भरायला बसवलं. सर प्रामाणिकपणे विचारत गेले. 'आपण सुरी-काट्याने जेवू शकता का? आपण स्वतः मोटार चालवू शकता का? सुट्टीत फिरायला जाता का?' एका बाईनं मोटारीच्या प्रश्नावर नीट विचार केला आणि म्हणाली, "अजून कुणी दिली नाय. दिली तं चालवीन की." सरांनी 'हो' लिहिलं. संध्याकाळी बेरीज केली तर आमच्या वॉर्डातली सगळ्यांत सुखी बाई तीच निघाली. मान वळत नव्हती बिचारीची.

दुसऱ्या दिवशी सरांनी लाल कापडी बांधणीची जाड वही आणली आणि स्वतःचे प्रश्न लिहायला घेतले. वहीबरोबर एक पिशवीही आली. तीत कुलूप-किल्ली, काड्यापेटी, बटणांचा जुना सदरा, पितळी तांब्या, वेणी घालायला लोकरीचे तीन गोंडे आणि ज्वारीच्या पिठाचा डबा. चाचा म्हणाले, "दर्जी का मदारी बन गया!" जिन्याखाली शेगडी पेटली. बाया भाकरी थापत आणि सर फुटपट्टी लावून नोंद करत, 'भाकरी सात इंच, कड फाटलेली.' पंधरा दिवसांनी, 'नऊ इंच, कड बरी, फुगली नाही.' फुगलेली भाकरी आली की तो कागद मॅट्रनबाईंना दाखवायला नेत आणि भाकरी स्वतः खात. वॉर्डातल्या सुधारणेबरोबर सरांचं वजनही वाढत गेलं. त्याची नोंद मात्र त्यांनी कुठं केली नाही.

या वहीनं पहिला सपशेल मार खाल्ला तो सटवाजीबाबांपुढं. हे सिल्लोडकडचे म्हातारे धनगर. थंडीत शेकोटीपाशी घोंगडी पेटून दोन्ही हात भाजले होते. महिना झाला, बोटं चांगली मोकळी झाली, कोनमापक खूश होतं. पण सदऱ्याचं बटण काही लागेना. सर रोज सदरा पुढे करत, बाबा रोज बटणाकडे बघून सदरा परत देत. सरांनी रोज शून्य लिहिलं. तीन आठवडे शून्य. सर रडकुंडीला आले. बोटांत ताकद आहे, वाकतात, मग अडतं कुठं?

मला माहीत होतं कुठं अडतं. लासूर स्टेशनजवळच्या वस्तीवर माझे आजोबा होते, तेही असेच मेंढरांमागं हिंडलेले. नाड्यांची बाराबंदी सोडून दुसरं त्यांनी अंगाला लावलं नाही. पण तेव्हा मी माझी वस्ती आणि जात पांढऱ्या गणवेशाखाली नीट झाकून ठेवत असे. वॉर्डात सगळ्यांना वाटे, सिस्टर शहरातल्याच. म्हणून मी गप्प बसले. याची मला अजून लाज वाटते.

शेवटी सरच म्हणाले, "बाबा, एवढं एक बटन लावा ना. का नाय लावत?"

"बटन?" बाबा म्हणाले. "ह्या जल्मात लावलं नाय कधी. तुमी रोज दाखवता, म्हनून बघतो."

"मग आधी काय करत व्हता ह्या हातांनी?"

बाबांनी मुंडाशातून लोकरीचा पेळू आणि लाकडी टकळी काढली. महिनाभर ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तिथंच खोचलेली होती. उभ्या उभ्या गिरकी दिली आणि जिन्यापासून खिडकीपर्यंत एवढा बारीक, एकसारखा धागा काढत गेले की सर कोनमापक हातात धरून नुसते बघत राहिले. मग त्यांनी वहीतली तीन आठवड्यांची शून्यं एकेक करून खोडली आणि समासात लिहिलं, 'चूक बाबांची नाही. चूक प्रश्नाची.'

त्या दिवसापासून वहीतली पहिली ओळ कोरी राहू लागली. पेशंट आला की सर विचारत, "तुला काय करता आलं म्हंजे तू बरी झालीस आसं म्हनशील?" तो जे सांगेल ते पहिल्या ओळीवर, त्याच्याच शब्दांत. एकानं सांगितलं, कंपनीच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसायचंय. एकीला हळदी-कुंकवाचं बोलावणं यायला हवं होतं. हे कोनमापकानं कसं मोजणार, मी विचारलं. सर म्हणाले, "सोपं हाय. आलं का नाय आलं, तेवढंच लिहायचं." ज्याचा प्रश्न त्यानंच तो बदलायचा, दुसऱ्या कुणाला तो अधिकार नाही, असा त्यांचा नियम होता.

मधूनच सर नाहीसे होत. रजेच्या अर्जावर कारण असे 'वैयक्तिक काम'. शहरात मोर्चा असला की सरांना हमखास वैयक्तिक काम निघे. विद्यापीठाच्या नामांतराची चळवळ चालू होती. एका खेपेला जेलभरोत ते हर्सूलच्या तुरुंगात गेले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुटून आले. वॉर्डात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणीही वरती कळवलं नाही, वीस अंशांच्या मॅट्रनबाईंनीसुद्धा. आठवड्यानं तुरुंगातले एक जमादार सरांना शोधत आले. आम्हाला वाटलं, परत धरायलाच आले. तर जमादारांनी दोन्ही हात सरळ डोक्यावर नेऊन दाखवले आणि म्हणाले, "साहेब, गेला की तुमचा व्यायाम लागू! उजवा हात चार वर्षं वर जात नव्हता." सरांनी तिथल्या तिथं कोनमापक लावलं. "एकशे साठ. अजून वीस पायजेत. बराकीत किती भरला होता?" जमादार म्हणाले, "शंभर, साहेब." कोठडीत सगळ्यांकडून सरांनी खांद्याचा व्यायाम करून घेतला होता. घोषणा द्यायला हात पूर्ण वर गेला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

या सगळ्याच्या मागचं त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. जळीत वॉर्डात बदली मागून घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नव्हता. ते म्हणाले, "नामांतराच्या पहिल्या दंगलीत गावातलं आमचं घर जाळलं, सिस्टर. आई भांडी काढायला आत गेली. हात पोळला. दोन महिन्यांनी कागदावर आलं, जखम भरली. भरलीच व्हती. भांडी घासायची, निंदायची, सगळं करायची. पन परत कधी माझ्या डोक्यावरून हात फिरवला नाय. म्हनायची, लेकरा, खरखरीत लागतो." एवढं बोलून ते पीठ मळायला लागले. आमच्याही गावात त्या वेळी नाही नाही ते बोललं गेलं होतं आणि मी ऐकून घेतलं होतं. सरांना ते सांगायचा धीर मला झाला नाही.

गिरिजा आली ती यानंतर. वय तेवीस-चोवीस, राहणार मुकुंदवाडी, नवरा कंपनीत. स्टोव्ह भडकला. तिच्या बाबतीत ते खरं होतं, कारण विझवताना नवऱ्याचेही तळवे भाजले होते. दोन्ही हात, मान आणि उजवा गाल. चार महिने ती आमच्याकडे होती. तिची सोनी तीन वर्षांची, गावी आजीकडे. पहिल्यांदा पोरीला भेटायला आणलं, तर आईला बघून तिनं असा टाहो फोडला की सगळा वॉर्ड उठून बसला. आजीच्या पदरात तोंड खुपसलं ते काढलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "गिरजाबाई, पहिल्या ओळीवर काय लिहू?"

ती भिंतीकडे बघत म्हणाली, "सोनी माझ्या कडंवर आली पायजे."

सरांनी तसंच लिहिलं. मग विचारलं, "वजन किती सोनीचं?"

"असंल धा-अकरा किलो."

"अंदाज नको," सर म्हणाले. त्यांनी खरोखर गावाकडे पत्र टाकून बाजारातल्या काट्यावर पोरीला तोलून घेतलं. अकरा किलो भरली.

चाचांनी जुन्या सतरंजीची पिशवी शिवली. "अब असली दर्जी मैं!" म्हणाले. पिशवीला वर गोल डोकं केलं, बाजूला दोन हात शिवायला घेतले, तर सरांनी अडवलं. "हात नका शिवू चाचा. हात पोरीनं टाकायचे." पिशवीत आधी तीन किलो ज्वारी. गिरिजा ती कडेवर घेऊन वॉर्डात चकरा मारी. वॉर्डानं पिशवीचं नाव सोनीच ठेवलं. लोक विचारत, "आज सोनी जेवली का?" म्हणजे ज्वारी वाढली का. पाच किलो झाली, आठ झाली. एकदा शिवण उसवून सोनी सगळ्या वॉर्डभर सांडली आणि गिरिजा दोन महिन्यांत पहिल्यांदा हसली. अकरा किलो झाले त्या दिवशी चाचांनी सगळ्यांना चहा पाजला.

मग खरी सोनी आली. गिरिजानं डावं कुल्हं पुढं काढून, पिशवीला करायची तशी, हात पसरले. पोर दोन पावलं आली, आईच्या गळ्यापाशी बघितलं आणि मागं फिरली. गिरिजा तशीच हात पसरून उभी राहिली. सरांनीच शेवटी जाऊन तिचे हात खाली केले.

मोठ्या डॉक्टरांनी तिच्या कागदावर लिहिलं, 'पूर्ण सुधारणा.' तसं ते होतंही, सगळे कोन भरले होते. सही करायला कागद सरांकडे आला. सर म्हणाले, "नाय करनार."

"अहो साळवे, आपली एवढी चांगली केस आहे ही!"

"व्हय साहेब. हात लई चांगला आलाय. पन तिनं सांगितलेली पहिलीच ओळ 'नाही' हाय. वर 'बरी' कसं लिहू?"

डॉक्टर चिडले. कागद सरांच्या सहीशिवाय गेला. सरांनी वहीत लिहिलं, 'हात हो. सोनी नाही.'

नव्या वर्षी नवी वही निघाली की पहिलं नाव गिरिजाचं. ती वर्षातून एकदा दाखवायला येई. सोनी पुढं मुकुंदवाडीला राहायला आली. आईच्या हातचं जेवू लागली, पण रस्त्यानं चालताना बोट बापाचं धरी. पाच वर्षं गेली. एकदा गिरिजाच म्हणाली, "सर, खोडा आता ती ओळ. पोरगी केवढी झाली. कडंवर घेतली तं पाय भुईला लागतील."

सरांनी पेन तिच्यापुढं धरलं. "तुझी ओळ हाय. तूच खोड."

तिनं पेन घेतलं, बराच वेळ धरून ठेवलं आणि परत दिलं.

नामांतर झालं त्या दिवशी सगळ्यांच्या रजा रद्द होत्या. ज्या गोष्टीसाठी सर इतकी वर्षं वैयक्तिक कामाला गेले, ती घडली तेव्हा ते जिन्याखाली कुणाची तरी भाकरी मोजत होते. वर्षानं, त्याच दिवशी, लोक विद्यापीठाच्या दरवाजाला वंदन करायला निघाले. सर म्हणाले, "चला सिस्टर, तुमी बी." मी गेले. तोवर माझी लासूरला बदली झाली होती, आठवड्यानं जायचं होतं. सकाळची वेळ, जानेवारीचं ऊन, निळे झेंडे आणि ही गर्दी. सर नव्या पांढऱ्या शर्टात, वहिनी पांढऱ्या साडीत. थोड्या अंतरावर गिरिजा दिसली, नवरा आणि सोनीही होते. सोनी नऊ वर्षांची, दोन वेण्या. नवरा पाणी आणायला गेला आणि तेवढ्यात मागून रेटा आला. सगळ्यांचे हात वर गेले. सोनीला पुढचं काही दिसेना. तिनं टाचा उंचावल्या, बापाला शोधलं. मग दोन्ही हात आईकडे केले.

"आई, घे ना. दिसंना मला."

 गिरिजाचं डावं कुल्हं पुढं आलं आणि तिनं पोरीला उचललं. पाय गुडघ्यांच्याही खाली लोंबत होते. तोल सांभाळायला सोनीनं आईच्या गळ्यात हात टाकला, नेमका त्या आकसलेल्या कातडीवर, आणि दरवाजाकडे बघत बसली.

मी सरांकडे वळले. ज्या दरवाजासाठी हा माणूस तुरुंगात जाऊन आला, त्याच्याकडे पाठ करून तो या दोघींकडे बघत होता. मग त्यांनी खिसे चाचपले. कंगवा होता, कोनमापक होतं, वही नव्हती. वही सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच मी त्यांना वहीशिवाय बघत होते. मी पर्समधून पेन आणि शहर बसचं तिकीट काढून दिलं. तिकिटाच्या मागं त्यांनी लिहिलं, 'गिरजाबाई. पहिली ओळ, हो.' अक्षर इतकं मोठं काढलं की मला उलट्या बाजूनंही वाचता आलं.

"वजन राहिलं," ते म्हणाले. "पंचवीस किलो तरी असंल, नाय का हो सिस्टर?"

"अंदाज सांगू नका सर," मी म्हणाले. "आकडा सांगा."

सर हसले. इस्त्रीच्या बाहीनं दोन्ही डोळे पुसले. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले, "आज अंदाजच लिहितो." आणि दरवाजाकडे पाठ ठेवूनच त्यांनी तो लिहिला.